दोन हलके, एक भारी

ओढ्याला कुणी विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तो आपणहून पन्नास पावलं अलीकडे सरकला आणि दोन चुलतभावांच्या सामाईक जागेतली सगळी काळी चिकण माती पलीकडे गेली. अलीकडे उरली ती तांबडी, कचकचीत, वाळू मिसळलेली. ओढा म्हणजे हद्द, हे आजोबांच्या वेळेपासून ठरलेलं. पलीकडचा भाऊ म्हणाला, "हद्द ती हद्द." आणि अलीकडच्या कुंभाराने, ज्याची ही गोष्ट आहे त्याने, डोक्यात राख घालून घेतली. दहा माणसांदेखत ओरडला, "तुझ्या मातीचं एक ढेकूळ जरी माझ्या चाकावर चढलं, तर हा हात मनगटापासून कापून तुझ्या दारात आणून टाकीन!"

दहा माणसं आपापल्या घरी गेली, जेवली, झोपली. कुंभार मात्र त्या दिवसापासून आपल्याच शब्दाच्या पिंजऱ्यात बसला.

पहिलं वर्ष वाईट गेलं. तांबडी माती चाकावर कशीबशी उभी राहायची, पण भट्टीत दगा द्यायची. भट्टी उघडली की निम्मी मडकी तडकलेली. जी धड निघायची ती चार महिन्यांत पाझरायला लागायची. बायामाणसं बाजारात त्याच्या माठाला टिचकी मारून पुढे जायची. कुंभार खाली मान घालून बसायचा आणि संध्याकाळी गाडी भरलेलीच परत आणायचा.

आणि मग या थंडीत कसं कोण जाणे, दिवस पालटले. मडकी टिकायला लागली. भट्टी उघडावी तर साठात दोन-तीन गेलेली, बाकी सगळी खणखणीत. गिऱ्हाइकं परत आली. गिरणीवाल्याने उन्हाळ्यात कामगारांच्या पाण्यासाठी वीस मोठे माठ सांगून ठेवले. कुंभाराची मान वर झाली. कुणी विचारलं तर दोन्ही हात पुढे करून तो म्हणायचा, "मातीत काय असतं? हातात पाहिजे. वाळूचा माठ करून दाखवीन मी!"

हे तो बोलायचा तेव्हा बायको जवळच माठ थापटत बसलेली असायची. ती नुसती गालात हसायची, आणि ते त्याला फार बरं वाटायचं.

बायको डावखुरी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने तिला 'डावी' म्हणायला सुरुवात केली, आणि वीस वर्षं झाली तरी तेच नाव चालू होतं. घरातलं काम वाटलेलं होतं. चाक त्याचं. चाकावरून उतरलेलं मडकं ओल्या पोत्याखाली जरा घट्ट झालं की ते डावीच्या हाती जायचं. ती आतून दगडी गोळा धरायची आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत त्याला पोट आणायची. बाकीच्या बायका एकसारख्या ठोकतात. डावीची रीत निराळी: दोन हलके, एक भारी. टप टप थाप्. टप टप थाप्. कुंभाराने हा आवाज इतका ऐकला होता की तो बंद पडला की त्याचं चाक आपोआप मंदावायचं.

मागच्या पावसात दरडीवरून घसरून त्याचा गुडघा निकामी झाला, तेव्हापासून माती तुडवण्याचं कामही तिच्याकडेच आलं. माती आणायची तीच, चाळायची तीच, भिजवायची तीच, तुडवायची तीच. तो नुसता चाकाशी बसून हाक मारायचा, "गोळा आण गं!"

*

त्या दिवशी बाजारात ऊन मी म्हणत होतं. दुपारपर्यंत कुंभाराचा माल संपला. पाय मोकळे करायला म्हणून तो लंगडत लंगडत भांड्यांच्या ओळीतून निघाला आणि माठवाल्या म्हातारीपाशी थांबला. ही म्हातारी पलीकडच्याचा माल घेऊन विकायची. तिच्याकडे बघायचं नाही, असा त्याचा नेम होता. पण आज त्याची मान वर होती. म्हटलं बघू तरी, चिकण माती उरावर घेऊन बसलेला भाऊ काय दिवे लावतोय.

"या, या," म्हातारी म्हणाली. "आज वाट चुकली का?"

"सहज आलो."

"बघा की माल. तुमच्या भावाचं काम अलीकडे फार सुधारलंय. आधी पोटाला जाड असायचा, आता बघा कसा सुपारीसारखा गोल."

कुंभाराने एक माठ उचलला. बाहेरून सगळे माठ सारखेच, वरून गेरूचा हात फिरवलेला असतो. मडक्याची खरी ओळख आत. त्याने सवयीने तोंडातून हात आत घातला आणि बोटं फिरवली.

बोटं थांबली.

आत दगडी गोळ्याचे खळगे होते. उजव्या हाताने ठोकणारीचे खळगे एका बाजूला कलतात, हे दुसऱ्या बाजूला कललेले. दोन उथळ, एक खोल. दोन उथळ, एक खोल. काठापासून बुडापर्यंत तसेच उतरत गेलेले. त्याने दुसरा माठ घेतला. तिसरा घेतला. घरातला अंधारात हात लावून ओळखावा असा तो हात होता, आणि तो म्हातारीच्या दुकानात, भावाच्या माठांत मुक्कामाला होता.

"हे... थापटतं कोण त्याच्याकडे?" त्याने विचारलं.

"त्याची बायको असेल की. दुसरं कोण असणार?" म्हातारी म्हणाली.

"किती दिवस झाले असा माल यायला लागून?"

"झाले चार-पाच महिने. का हो?"

कुंभाराने माठाचे पैसे तिच्या हातावर ठेवले. म्हातारीला हसू आवरेना. तिने शेजारच्या दोरवाल्याला हाक मारून सांगितलं, "अरे बघ रे, कुंभार माठ विकत नेतोय!" दोरवाला हसला, त्याच्यापलीकडचा हसला. कुंभार माठ काखेत मारून हसणाऱ्या तोंडांमधून निघाला. त्याचे कान पेटले होते, पण हसण्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

*

माठ त्याने भट्टीच्या मागे, पेंढ्याच्या ढिगात लपवला आणि गप्प बसला.

गप्प बसलेल्या माणसाला आठवायला वेळ फार मिळतो. त्याला पहिल्यांदा आठवलं ते हे, की डावीला आधी पलीकडच्याला दाखवली होती. चुलतीने मुलीला डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे करताना पाहिलं आणि नाक मुरडून उठली. "डावखुरी सून नको गं बाई, सगळंच उलटं करील." मग याच्या आईने विचारलं, आणि याने हो म्हटलं. वीस वर्षं तो ही गोष्ट थट्टेने सांगत आला होता. "भावाने टाकलेलं सोनं उचललं मी!" डावीही हसायची. आता त्याला वाटायला लागलं, ती तेव्हा नेमकी कशाला हसत होती?

मग एकेक आठवत गेलं. आठवड्यातून दोनदा ती काटक्यांना म्हणून जायची ती दिवस कलताना यायची. आधी ती आली की तो उठून तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घ्यायचा, तो त्यांचा जुना रिवाज. या थंडीपासून ती म्हणायला लागली होती, "राहू द्या, तुमचा गुडघा दुखेल." आणि आपली आपण मागच्या दाराने टोपली घेऊन जायची. तेव्हा त्याला वाटलं होतं, किती काळजी करते! आता वाटलं, नवऱ्याचा हात लागायला नको झालाय.

दुसऱ्या दिवशी कामाला बसल्यावर त्याने पाहिलं, तिच्या डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं.

"हात दुखतोय वाटतं?" तो म्हणाला.

"जरासा."

"घरात तर एवढं काम नाही. आठ-दहा तर मडकी."

टप टप थाप्. "वय झालं," ती म्हणाली.

"वय झालं, की काम वाढलं?"

तिचा हात क्षणभर अडला. मग पुन्हा ठोका पडला. "गोळा घट्ट झालाय का? पाणी देऊ?" तिने विचारलं. बोलणं असं वळवलेलं त्याला कळलं, आणि त्याच्या हाताखालचं मडकं एका अंगाला कललं. त्याने ते चेचून पुन्हा गोळा केला.

*

तिच्या काटक्यांच्या पुढच्या खेपेला त्याने सांगितलं, "मी पेंढा बघायला जातोय, संध्याकाळ होईल." आणि मळ्याच्या बांधापर्यंत जाऊन तो परत फिरला. दुखरा गुडघा ओढत, आडवाटेने, चोरासारखा. चाळिशी उलटलेला माणूस आपल्याच बायकोच्या मागे झुडपाआडून चालतोय, हे त्याला स्वतःलाच लाजिरवाणं वाटत होतं. पण पाय थांबत नव्हते.

डावी ओढ्याशी आली. रिकामी टोपली डोक्यावर, थापटणं कमरेला खोचलेलं. तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि सवयीची वाट असल्यासारखी, कुठला दगड हलतो कुठला नाही हे पाहायचीही गरज न पडता, ती ओढा ओलांडून गेली. पलीकडच्याच्या अंगणाला कुडाची भिंत होती. ती त्या भिंतीआड दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. टप टप थाप्. टप टप थाप्.

कुंभार झुडपाखाली बसला. वीस वर्षं जो आवाज ऐकून त्याचं चाक फिरलं, तो दुसऱ्याच्या अंगणातून येत होता. मध्येच कुणीतरी बोललं, आणि डावी हसली. मोकळी, तोंड भरून. घरात ती असं शेवटचं कधी हसली होती, हे त्याला आठवेना. उठून जावं, ओढा ओलांडावा आणि समोर उभं राहावं, असं दहादा मनात आलं. पण त्या अंगणात पाय ठेवणार नाही, हेही त्याने त्याच दहा माणसांदेखत सांगितलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. समोर गेलं की जे असेल ते दिसणार होतं.

संध्याकाळी ती आली. टोपलीवर काटक्या रचलेल्या, मान डगमगत होती, कपाळावरून घाम ओघळत होता. तो ओट्यावर बसून होता. तो उठला नाही. तिनेही 'राहू द्या' म्हटलं नाही, म्हणायला कुणी उठलंच नव्हतं. ती त्याच्याकडे एकदा बघून मागच्या दाराने गेली.

सकाळी त्याने पेंढ्यातून माठ काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"हा कुणी थापटला?"

डावीने माठ पाहिला. आत हात घातला नाही. "मीच," ती म्हणाली.

"पलीकडे जातेस."

"जाते."

"कशाला?"

तिची नजर त्याच्या हातांवर होती, कोपरापर्यंत मातीने माखलेल्या. ती बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "ते विचारू नका. वाईट काही नाही, एवढं सांगते."

"वाईट काही नाही, मग सांगायला काय होतंय?"

"नाही सांगत."

"तेव्हा हाच डावा हात नको होता त्याला," कुंभार म्हणाला. आपण काय बोलतोय ते त्याला कळत होतं आणि तरी तोंड थांबत नव्हतं. "आता बरा आवडायला लागला. बायको असताना! आणि तू? वीस वर्षांनी तिकडची हौस भागवून घेतेयस?"

डावीचा चेहरा पांढरा पडला. ती रडली नाही. कुंभाराने लाथ मारली, माठ भिंतीवर आपटून फुटला. तिने खाली बसून सगळ्या खापऱ्या गोळा केल्या, मोठ्या मोठ्या एकात एक रचून भट्टीमागे नेऊन ठेवल्या. मग कमरेचं थापटणं काढून खुंटीला अडकवलं.

"उद्यापासून जात नाही," ती म्हणाली.

*

आणि ती खरंच गेली नाही. घरात काम चालू राहिलं. तो चाक फिरवायचा, ती थापटायची, दोघांच्या मध्ये शब्द नव्हता. जेवायला वाढायची, पाणी तापवून गुडघा शेकायला द्यायची. पण त्याच्याकडे बघायची नाही. कुंभाराने ठरवलं की आपण जिंकलो. जिंकल्यासारखं मात्र कुठे वाटत नव्हतं.

गिरणीवाल्याच्या माठांचं काम लागलं. पहिल्या दोन दिवसांतच त्याची बोटं कुरकुरायला लागली. माती हाताखाली फाटत होती. काठ ओढावा तर चिरा. वाळूचे कण नखांत शिरत होते.

"तुडवलीस का नीट?" तो ओरडला.

"तुडवली."

"अंग राखून तुडवतेस. माझा राग मातीवर काढू नकोस."

ती उठली आणि पुन्हा तुडवायला उभी राहिली. दुपारच्या उन्हात, कंबरेवर हात ठेवून, एक टाच, दुसरी टाच. तासभर तुडवली, वर आणखी तासभर. खाली उतरली तेव्हा टाचांच्या भेगांतून रक्त येत होतं आणि मातीत तांबड्यावर तांबडे ठिपके पडले होते. तरी माती फाटत राहिली ती राहिलीच.

भट्टी उघडायच्या सकाळी डावी पाण्याला गेली होती. एरवी भट्टी दोघं मिळून उघडायची. कुंभाराने एकट्यानेच राख बाजूला केली. पहिला माठ उचलला तो दोन तुकडे होऊन हातात आला. दुसऱ्याला गळ्यापासून बुडापर्यंत चीर. तिसरा, चौथा. बावीस माठ घातले होते, धड निघाले सहा. तो राखेतच बसला. गिरणीवाल्याला काय सांगायचं हे त्याच्या मनात आलं, पण ते लगेच मागे पडलं. थंडीभर जो हात चालला, तो पंधरा दिवसांत विसरला? हात कधी विसरतो का?

त्याने फुटलेली खापरी उलटून पाहिली. तुटलेली कड आरपार तांबडी. जवळच, पेंढ्याशी, त्या दिवशीच्या माठाच्या खापऱ्या डावीने रचून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक घेतली. कडेला मधोमध काळी रेघ. चिकण मातीची ती खूण, लहानपणापासून पाहिलेली. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तो लंगडत उकिरड्याशी गेला. मागच्या महिन्यात गाडीतून उतरवताना त्याचा स्वतःचा एक माठ फुटला होता. त्याची खापरी त्याने शोधून काढली, लुगड्याच्या चिंधीने पुसली आणि उन्हात धरली.

कडेला मधोमध काळी रेघ. बारीक, पण होती.

भिंतीला टेकवलेली डावीची टोपली त्याने उलटी केली. वरच्या वेताला काटक्यांची साल लागलेली, आणि बुडाशी, विणीच्या आत आत, वाळलेली काळी माती. नखाने खरवडली तर लोण्यासारखी निघाली. थंडीभर ही माती त्याच्या बोटांखालून गेली होती. बोटांना कळलं नव्हतं असं नाही. पण ज्याला आपलं कौतुक ऐकायची सवय लागते त्याच्या बोटांनाही कमी ऐकू येतं.

"भावजी..."

तो दचकला. पलीकडच्याची बायको अंगणाच्या तोंडाशी उभी होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावर टोपली, आणि टोपलीत उघडी, काळी, ओली माती. तिने टोपलीची कड बोटांनी धरली नव्हती, दोन्ही मनगटांनी सावरली होती.

"उतरवून घ्या हो जरा. हाताने जमत नाही मला."

कुंभार पुढे झाला आणि टोपली दोन्ही हातांनी उतरवून घेतली. तिची बोटं सुजून वाकडी झाली होती.

"डावी आजारी आहे का?" तिने विचारलं. "चार खेपा झाल्या, आली नाही. तिची माती राहिलीय माझ्याकडे, म्हटलं पोचवावी."

"तिची माती?"

"म्हणजे..." बाई घाबरली. "तुम्हाला नाही ठाऊक?"

"आता झालं ठाऊक. सांगा."

"माझे हात गेले हो," ती म्हणाली. "सांधे धरले. थापटणं धरवत नाही. आमच्या ह्यांना कळलं तर म्हणतील, आता तुझा काय उपयोग. ते माल घेऊन बाजाराला गेले की डावी यायची, सगळे माठ थापटून जायची. बदल्यात टोपलीभर माती. आम्हा दोघींत ठरलेलं. त्यांना अजून वाटतं मीच थापटते. तुम्हाला कसं कळलं?"

"माठात हात घातला."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. "आमचे हे कधी आत हात घालत नाहीत," ती म्हणाली. "बाहेरून टिचकी मारतात आणि गाडीत भरतात."

*

डावी पाणी घेऊन आली तेव्हा पलीकडची निघून गेली होती. कुंभार गुडघ्याला फडकं आवळून मातीत उभा होता. काळी आणि तांबडी एकत्र करून तुडवत होता, उघड्यावर, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा. तोंड वेदनेने वाकडं झालेलं.

डावीने हंडा खाली ठेवला. काळी माती पाहिली, राखेतल्या खापऱ्या पाहिल्या.

"उतरा," ती म्हणाली. "गुडघा जाईल."

"जाऊ दे. सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं? चारचौघांत हात पुढे करून सांगत होतात, मातीत काय असतं म्हणून. किती दिवसांनी तुमची मान वर झाली होती. ती मीच खाली करू?"

"माझा आळ सोसलास त्यापायी?"

"सोसेन असं वाटलं होतं." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "सोसवला नाही. तुम्ही माती तुडवाल, दहा माणसांत सांगालही. पण जे बोललात त्याचं काय करू मी? ते कुठल्या भट्टीत घालू?"

कुंभाराचे डोळे भरून आले आणि तो मातीत उभ्या उभ्या खाली बघत राहिला. "चुकलो," एवढंच म्हणाला. तेही इतकं हळू की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

डावी हंडा आत ठेवून आली आणि म्हणाली, "जावेचे माठ पोत्याखाली वाळत पडलेत. आज तो बाजाराला गेलाय. मला जायला पाहिजे."

"जा की."

"नुसतं 'जा' म्हणून नाही चालायचं. तुम्ही चला बरोबर. आडवाटेने नाही, रस्त्याने."

त्याने मान वर केली. म्हणजे त्या दिवशी झुडपाखाली आपण बसलो होतो, तेही हिला ठाऊक होतं! त्याने पाय धुतले, खुंटीवरचं थापटणं काढून तिच्या हातात दिलं आणि रिकामी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली.

ते रस्त्याने गेले. चार लोकांनी पाहिलं, दोघांनी विचारलंही. ओढ्यात कुठला दगड हलतो ते ती सांगत गेली. पलीकडच्या अंगणात ती दुपारभर थापटत बसली आणि तो तिला ओले माठ उचलून देत राहिला. वाकड्या बोटांच्या जावेने निघताना टोपली भरून दिली आणि त्याला हात जोडले. "भावजी, ह्यांना एवढं कळू देऊ नका." त्याने मान डोलावली.

परतताना नेमकी ओढ्याच्या काठावर पलीकडच्याची गाडी समोर आली. बाजार लवकर आटपलेला. त्याने बैल थांबवले आणि डोळे विस्फारून पाहिलं. शपथ घेतलेला भाऊ, त्याच्या डोक्यावर आपली माती, मागे त्याची बायको, तिच्या हातात थापटणं.

"माती नेतोस?"

"नेतोय."

"हात कापून देणार होतास ना रे?"

"दोन्ही टोपलीला लागलेत," कुंभार म्हणाला. "टोपली उतरवून घे, मग काप."

पलीकडच्याला हसावं की भांडावं कळेना. शेवटी तो हसला. "आणि हिला कशाला आणलीस? थापटणं घेऊन?"

कुंभाराने मागे वळून पाहिलं नाही. डावीचा श्वास अडकलेला त्याला पाठीमागे जाणवला.

"शिकायला आणली होती," तो म्हणाला. "तुझ्या बायकोचा हात फार चांगला झालाय म्हणे. बाजारात सगळे बोलतात. म्हटलं, हिलाही जरा दाखवील."

पलीकडच्याची छाती फुगली. "आहेच तिचा हात तसा. पण हिला कुठून जमायचं? डावखुरी पडली. आमची आई तेव्हाच म्हणाली होती."

कुंभाराच्या डोक्यात रक्त चढलं. एक वाक्य, फक्त एक वाक्य जिभेवर येऊन उभं राहिलं. टोपलीच्या कडेवरची त्याची बोटं पांढरी पडली. त्याने ते वाक्य गिळलं, आणि या जन्मात त्याला इतकं अवघड काही गिळावं लागलं नव्हतं.

"हो ना," तो म्हणाला. "जमेल हळूहळू."

गाडी खडखडत गेली. दोघं ओढ्यात उतरली. मधल्या दगडापाशी त्याला मागून आवाज आला. डावी हसत होती. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, तोंड भरून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि नंतर त्यातलं हसू कुठलं आणि रडू कुठलं ते वेगळं करता येईना. तो पाण्यात थांबून राहिला. वळला नाही, डोक्यावर माती होती.

"तुम्ही बोललात ते मी विसरले नाही हं," ती शेवटी म्हणाली.

"नको विसरू."

घरी आल्यावर तो मागच्या दाराकडे वळला नाही. पुढच्या अंगणात, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. गुडघा थरथरत होता, मान आखडली होती. डावी समोर आली. तिने थापटणं कमरेला खोचलं आणि दोन्ही हात वर करून टोपलीच्या कडेला धरले, डावा आधी.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझं मनगट दुखेल."

"गप्प उभे राहा," ती म्हणाली, आणि तिने टोपली उतरवून घेतली.